चार्ल्स वेस्लीची गीतं मोजू नका, एकच उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात एका रविवारी मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघापुढे चार्ल्स वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज भक्तिगीतकारावर वीस मिनिटं बोलायचं आहे. वाचायला बसलात तर एकीकडे साडेसहा हजार गीतं, दुसरीकडे नऊ हजार. नाताळचं 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' कुणी त्याचं म्हणतं, कुणी जर्मन संगीतकार मेंडेल्सनचं. आणि मराठी तर्जुमे वाचून 'यात एवढं काय आहे?' असं वाटतं, मग वारसा म्हणून मुलांना सांगायचं काय?

मी इतिहासकार नाही. पुण्यातल्या एका मराठी मंडळीत तीस वर्षं पायपेटीवर बसतोय, गाणं शिकवतोय, आणि अधूनमधून इंग्रजी गीतांचे तर्जुमे करतो. त्यातले बरेचसे फाडून टाकलेत. वेस्लीची ओळख झाली ती त्याच्या ओळींशी झटापट करताना, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूनं येईल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या मुळाशी मला एकच दिसतो: आज आपल्या तोंडी जे वेस्लीचं म्हणून आहे, त्यात वेस्ली किती? चाल दुसऱ्याची, पहिली ओळ तिसऱ्याची, मराठी चौथ्याची. मग उरतं काय? माझ्या मते उरतो एक छोटासा शब्द, 'माझ्यासाठी'. तिकडे येतोच.

आधी आकडा उरकू या. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. उपासनेत गाण्याजोगी गीतं तेवढी धरली तर साडेसहा हजारांच्या आसपास जातात. वचनांवरची टिपणवजा कडवी, कुणाच्या मरणावरच्या कविता, भावाला मारलेले टोमणे असं सगळं पद्य धरलं तर नऊ हजारांकडे. १७६२ साली त्यानं बायबलमधल्या निवडक वचनांवर छोटी छोटी गीतं दोन खंडांत छापली, एकट्या त्या पुस्तकात दोन हजारांहून जास्त आहेत. तेव्हा गीत कशाला म्हणायचं, यावर आकडा ठरतो.

आणखी एक गुंता आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत आणि त्यातले अस्सल कुठले यावर वाद आहेतच, पण तिथं निदान शेवटी 'तुका म्हणे' असतं. वेस्ली बंधूंच्या सुरुवातीच्या पुस्तकांवर जॉन आणि चार्ल्स अशी दोघांची नावं, आणि आत गीताखाली कुणाचंच नाव नाही. नाममुद्रा नाही, सही नाही. जर्मन गीतांचे तर्जुमे बहुतेक जॉनचे आणि स्वतंत्र रचना बहुतेक चार्ल्सच्या, असं साधारण धरतात. त्यातला 'बहुतेक' तुमच्या भाषणातही राहू द्या. भाषणात आकडा सांगायचाच तर 'सहा हजारांहून जास्त' म्हणा आणि पुढे चला. आकडा ऐकून मुलं 'बाप रे' म्हणतात आणि विसरतात.

आता चरित्र. मी सगळं सांगत नाही, ते कुठेही मिळेल. १८ डिसेंबर १७०७, इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं एपवर्थ. वडील सॅम्युएल तिथले पाळक आणि स्वतः पद्य लिहिणारे, आई सुझॅना. तिच्या एकोणीस मुलांमधला चार्ल्स अठरावा, दिवस भरायच्या आधी जन्मलेला. थोरला भाऊ जॉन. वेस्टमिन्स्टर स्कूल, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. तिथं प्रार्थना, उपवास, तुरुंगभेटी, सगळं वेळापत्रक लावून करणाऱ्या पोरांची टवाळी करायला इतरांनी 'मेथडिस्ट' हे नाव पाडलं. पुढे ते अभिमानानं मिरवलं गेलं.

इथवरचं पटकन सांगा. पुढच्या तीन वर्षांत मात्र थांबा, कारण सगळं तिथं आहे.

१७३५ मध्ये चार्ल्सला पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी दोघं भाऊ अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाले. चार्ल्स त्या वसाहतीचा संस्थापक जनरल ओगलथॉर्प याचा चिटणीस म्हणून गेला. फ्रेडरिका नावाच्या नव्या वसाहतीत त्याचं काही जमलं नाही. वसाहतीतल्या दोन बायकांनी त्याच्याबद्दल ओगलथॉर्पचे कान भरले, ओगलथॉर्पचं मन फिरलं, हा तापानं फणफणलेला जमिनीवर पडून. काही महिन्यांतच तो परत निघाला. वाटेत चार्ल्सटनमध्ये त्यानं गुलामांचे हाल पाहिले आणि रोजनिशीत लिहून ठेवलं, की तिथले गोरे लोक आपल्या मुलाला त्याच्याच वयाचा एक गुलाम देतात, हुकूम गाजवायला आणि मारायला. १७३६ च्या डिसेंबरात तो इंग्लंडला पोहोचला तेव्हा तब्येत खालावलेली आणि मन त्याहून. दीक्षा घेतलेला, नियमानं उपास करणारा माणूस, आणि आतून कोरडा. तरुण संघातल्या मुलांना हे सांगा. वेस्लीला ते रंगीत काचेतला संत समजतात. नोकरी सोडून घरी परत आलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा त्यांना जास्त कळेल.

मग १७३८ चा मे. चार्ल्स फुप्फुसाच्या दुखण्यानं लंडनमध्ये अंथरुणाला खिळलेला, लिटल ब्रिटन नावाच्या गल्लीत जॉन ब्रे याच्या घरी. हा ब्रे पितळकाम करणारा साधा कारागीर, आपल्या तांबट आळीत शोभला असता. १७ मे रोजी चार्ल्सच्या हातात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं, बायबलमधल्या गलतीकरांस पत्रावरचं भाष्य आलं. त्यातल्या 'माझ्यावर प्रीती केली व स्वतःला माझ्याकरता दिले' या वचनावर ल्यूथर अडून बसतो: 'माझ्याकरता' हा शब्द नीट धर, तो तुझ्याबद्दल आहे. रोजनिशीत चार्ल्स लिहितो, की तेवढं अनुभवायला तो धडपडला, थांबला, प्रार्थना करत राहिला. २१ मे, पेंटेकॉस्टचा रविवार. ब्रेची बहीण त्याच्या खोलीपाशी येऊन येशूच्या नावानं दोन वाक्यं बोलली: ऊठ, विश्वास ठेव, तू बरा होशील. त्याला ते लागलं. दोन दिवसांनी त्यानं गीत लिहायला घेतलं. २४ तारखेच्या रात्री जॉन आपला तसाच अनुभव सांगायला धावत आला, तेव्हा सगळ्यांनी ते गीत म्हटलं. ते नेमकं कुठलं यावर दोन मतं आहेत, 'अँड कॅन इट बी' किंवा 'व्हेअर शॅल माय वंडरिंग सोल बिगिन'. मी दुसऱ्याकडे झुकतो, कारण त्यात 'सुरुवात कुठून करू?' अशी नवख्याची चाचपड आहे. पण यावर कुणाशी भांडणार नाही.

आपल्याकडे २४ मे लक्षात ठेवतात, जॉनचा दिवस. धाकटा तीन दिवस पुढे होता, हे मुलांना आवडतं.

त्यानंतर दोन महिन्यांनीच, जुलैमध्ये, चार्ल्स न्यूगेटच्या तुरुंगात फाशीच्या कैद्यांकडे रोज जायला लागला. त्यांच्यात एक कृष्णवर्णीय माणूस होता, धन्याकडे चोरी केलेला, तापानं आजारी. शेवटच्या रात्री चार्ल्स कैद्यांबरोबर कोठडीत कोंडून घेऊन राहिला. दुसऱ्या दिवशी टायबर्नच्या फाशीच्या माळावर त्यांच्या गाडीत चढला, तिथं त्यांच्याबरोबर गीतं म्हटली, आणि रोजनिशीत लिहिलं, की फाशीच्या खांबाखालची ती घटका माझ्या आयुष्यातली सर्वांत धन्य. आता जोडून बघा. 'माझ्यासाठी' हा शब्द ब्रेच्या घरी मिळाला आणि आठ आठवड्यांत त्यानं तो ज्यांचं म्हणून जगात कुणी नव्हतं त्यांच्या तोंडी दिला. त्याच्या गीतांची रीत हीच: 'मी' म्हणून लिहायचं आणि पन्नास जणांनी मिळून म्हणायचं. प्रत्येकाचा 'मी' वेगळा, सूर एक. अभंगात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

यातूनच त्याचा दुसरा हट्टाचा शब्द आला, 'सगळ्यांसाठी'. काहींनाच तारणासाठी आधीच निवडलंय, या मतावरून १७४० च्या सुमारास वेस्ली बंधूंचं आणि त्यांचा ऑक्सफर्डपासूनचा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड याचं वाजलं. चार्ल्सनं वाद गीतांतून घातला. 'ऑल' हा शब्द तो एकामागून एक कडव्यांत असा आणतो, की गाणारा नकळत त्याच्या बाजूला जातो. आज वाद थंड झालाय, 'ऑल' राहिलाय.

लिहायचा कसा? मेजावर बसून क्वचितच. आयुष्याची कितीतरी वर्षं घोड्यावर गेली, गावोगाव प्रचार करत. एकदा घोडा त्याच्या अंगावर पडला, पायाला मुका मार लागला, हात मुरगळला, डोकं सुन्न झालं. रोजनिशीत तक्रार काय, तर दुसऱ्या दिवसापर्यंत गीतं करता आली नाहीत! म्हातारपणी लंडनमध्ये तट्टावरून यायचा, तट्टू बागेत सोडायचा आणि 'दौत-लेखणी, दौत-लेखणी!' करत घरात शिरायचा, अशी त्याच्या एका सहकाऱ्याची आठवण आहे. वाटेत सुचलेलं कार्डांवर लघुलिपीत टिपलेलं असायचं. माझा अंदाज, घोड्याच्या चालीचा त्याच्या वृत्तांशी संबंध असावा. पुरावा काही नाही. पण इतकी वेगवेगळी वृत्तं त्या काळच्या दुसऱ्या इंग्रज गीतकारानं क्वचितच हाताळली असतील.

आता तुमचं 'हार्क!'. मीच एकदा माती खाल्ली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमात निवेदन करताना मी बेधडक सांगितलं, की वेस्लीनं शब्द लिहिले आणि त्याचा मित्र मेंडेल्सन यानं चाल लावली. कार्यक्रम संपल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी बाजूला घेऊन विचारलं, "वेस्ली गेला १७८८ ला, मेंडेल्सन जन्मला १८०९ ला. दोस्ती कुठं झाली म्हणे?" तेव्हापासून तारखा पाठ आहेत.

१७३९ च्या पुस्तकात चार्ल्सनं छापलं ते गीत चार-चार ओळींच्या दहा कडव्यांचं आणि सुरुवात अशी: 'हार्क, हाऊ ऑल द वेल्किन रिंग्ज, ग्लोरी टू द किंग ऑफ किंग्ज'. वेल्किन म्हणजे आकाशाचा घुमट, आपण 'अंबर' म्हणू तसा जुना काव्यातला शब्द. म्हणजे मुळात दूत गात नव्हते, अख्खं अंबर दुमदुमत होतं. १७५३ मध्ये व्हिटफील्डनं आपल्या गीतसंग्रहात ही ओळ बदलून हेरल्ड एंजल्स आणले आणि राजांचा राजा जाऊन नवजात राजा आला. हो, तोच व्हिटफील्ड, ज्याच्याशी भांडण झालं होतं. पुढे आणखी हात फिरले. शंभर वर्षांनी, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्ज नावाच्या तरुण ऑर्गनवादकानं त्याला मेंडेल्सनची चाल जोडली. ती चाल मेंडेल्सननं १८४० मध्ये लाइपत्सिगला छपाईकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी केली होती, गुटेनबर्गच्या गौरवाला. या चालीवर धार्मिक शब्द कधी शोभणार नाहीत, असं खुद्द त्याचं मत होतं. म्हणजे नाताळच्या मध्यरात्री आपण छापखान्याच्या चालीवर, व्हिटफील्डनं दुरुस्त केलेली, वेस्लीची गीतरचना म्हणतो. आणि तरी ते वेस्लीचं आहे का? आहे. आतली कडवी वाचा. देव देहाच्या पडद्यामागे झाकला आणि त्या पडद्यातूनच दिसला, असा उलटा-सुलटा विचार सहा शब्दांत बसवणं त्यालाच जमतं. दागिना मोडून पुन्हा घडवला, तरी सोनं कुणाकडचं ते सोनार ओळखतो.

दुरुस्त्यांवरून एक गंमत. १७८० मध्ये जॉननं मेथडिस्टांसाठी ५२५ गीतांचं मोठं पुस्तक काढलं. प्रस्तावनेत तो म्हणतो, लोक आमची गीतं खुशाल छापोत, पण कृपा करून सुधारू नका, कारण तुम्हाला ते जमणार नाही. सुधारायचीच तर मूळ पाठ समासात द्या. फक्कड प्रस्तावना आहे. फक्त याच जॉननं त्याच पुस्तकात धाकट्या भावाची कडवी गाळली, ओळी बदलल्या. 'लव्ह डिव्हाइन'चं एक कडवं कापलं आणि 'जीझस, लव्हर ऑफ माय सोल' हे आज घरोघरी माहीत असलेलं गीत तर घेतलंच नाही.

आतापर्यंतचं एवढं: आकडा सैल आहे, पुस्तकांवर नावं दोघांची आहेत, आणि ओळी बदलत आल्या आहेत. आता तुमचा खरा पेच, मराठीत हे फिकं का वाटतं.

एक कारण सरळ तांत्रिक आहे. इंग्रजी ओळ बऱ्याचदा हलक्या अक्षरानं सुरू होते आणि आघात दुसऱ्या अक्षरावर येतो. चालही तशीच बांधलेली असते. पहिला सूर उचलायचा, समेची थाप पुढच्या सुरावर. मराठी शब्दाचं वजन मात्र साधारण पहिल्या अक्षरावर. तुम्ही ओळीच्या सुरुवातीला 'येशू' ठेवलात की 'ये' उचलीच्या सुरावर गुदमरतो आणि 'शू'वर थाप पडते. गाणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. उपाय साधा आहे: ओळ 'तो', 'मी', 'हा', 'अन्' अशा एकाक्षरी शब्दानं सुरू करायची. जुन्या तर्जुम्यांत 'हे' आणि 'रे'ची जी खिरापत दिसते ती उगाच नाही.

दुसरं कारण मोठं आहे. वेस्ली बायबलच्या शब्दांत विचार करतो, तेही एका ओळीत दोन-तीन ठिकाणचे. 'अँड कॅन इट बी' मधली एक ओळ घ्या. त्यानं स्वतःला रिकामं केलं, प्रीतीखेरीज सगळ्यापासून, अशा अर्थाची. इंग्रजीत आठ अक्षरं. मागे फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उभा आहे, जिथं आपल्या बायबलात 'स्वतःला रिक्त केले' असं आहे. त्यात 'प्रीतीखेरीज' ही भर चार्ल्सची, आणि सगळी धार तिथंच. मी पहिल्यांदा लिहिलं, 'सोडुनि वैभव आला खाली'. गोड, गुळगुळीत, आणि धार गेली. मग वर्षभरानं 'रिता' हा शब्द सापडला, रिक्तपेक्षा घरचा. घागर रिती होते तसा. खूश होऊन लिहिलं: 'प्रीतीविण रिता झाला'. आठ अक्षरं, चोख. तालमीत म्हणायला दिलं. मागच्या रांगेतल्या एक आजी, गाण्यात पक्क्या, पुस्तक मिटून म्हणाल्या, "दादा, प्रीतीविण रिता झाला म्हणजे प्रीती नव्हती म्हणून रिता झाला ना?" बरोबर उलटा अर्थ! सगळा क्वायर हसला, मीही. शेवटी ठरली ती ओळ अशी: 'तो रिता, प्रेम ते उरे'. आघात रि, प्रे, ते, रे वर पडतात. 'रि' ऱ्हस्व असून त्याला ताणावा लागतो, ते अजून टोचतं. पण आजींनी मान डोलावली.

हे एवढं सांगितलं ते यासाठी, की मुलांपुढे तर्जुमा आणि मूळ शेजारी ठेवलंत आणि एकाच ओळीवर पाच मिनिटं दिलीत तर वेस्ली दिसेल. साऱ्या चरित्रानं दिसणार नाही.

आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर तोही आहे, फक्त ओढूनताणून जोडू नका. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आला आणि तिथं मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. मुंबईत आधीच बरीच वर्षं फकिरासारखा राहिलेला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यात सामील झाला. त्यांच्याबरोबर वेस्लीची गीतं आली, सुरुवातीला इंग्रजीतच. मराठी मंडळीला स्वतःचा गळा मात्र नारायण वामन टिळकांनी दिला, आणि टिळक मेथडिस्ट नव्हते, ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधले. टिळकांनी वेस्लीचा कित्ता गिरवला असं काही म्हणू नका. एवढंच म्हणा, की टिळकांनी अभंग-ओवी घेतली आणि उचलीच्या सुराचा प्रश्नच मिटवला. स्वतःचा 'मी' मंडळीच्या तोंडी देण्याची वाट आपल्याकडे वारकऱ्यांची आधीपासून होतीच.

शेवटच्या काळाबद्दल थोडं, कारण तिथं चरित्रकार गुळमुळीत होतात. १७४९ मध्ये चार्ल्सनं वेल्समधल्या सॅरा ग्विन हिच्याशी लग्न केलं, लावलं जॉननंच. मुलीच्या आईला जावयाच्या उत्पन्नाची हमी हवी होती, ती पुस्तकविक्रीतून वर्षाला शंभर पौंड अशी ठरली. म्हणजे गीतांवर संसार उभा राहिला, अक्षरशः. त्याच वर्षी जॉनचं ग्रेस मरे हिच्याशी ठरत असलेलं लग्न चार्ल्सनं मध्ये पडून मोडलं, तो ओरखडा राहिला. आठ मुलांमधली तीन जगली. दोघे मुलगे संगीतात असामान्य निघाले, आणि १७७९ पासून लंडनच्या घरी त्यांच्या वर्गणीच्या मैफली होऊ लागल्या. काही मेथडिस्टांनी नाकं मुरडली. धाकटा सॅम्युएल १७८४ मध्ये रोमन कॅथलिक झाला, बापाला ते फार लागलं. त्याच वर्षी जॉननं अमेरिकेसाठी स्वतःच दीक्षा देऊन माणसं पाठवली. चार्ल्सच्या मते ही चर्च ऑफ इंग्लंडपासून फारकत होती. त्यानं चार ओळींचा टोला लिहिला: बिशप करणं इतकं सोपं? वेस्लीनं कोकच्या (जॉननं पाठवलेल्या माणसांचा प्रमुख टॉमस कोक) डोक्यावर हात ठेवला, पण वेस्लीच्या डोक्यावर कुणी ठेवला होता?

२९ मार्च १७८८ ला तो गेला. सिटी रोडच्या मेथडिस्ट चॅपलच्या आवारात पुरून घ्यायला त्यानं नकार दिला होता, कारण ती जमीन चर्चनं पवित्र केलेली नव्हती. मॅरिलबोनच्या पॅरिशच्या आवारात त्याला ठेवलं, शवपेटी धरली चर्च ऑफ इंग्लंडच्या आठ पाळकांनी. मेथडिस्टांचा सर्वांत मोठा गीतकार मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, मेथडिस्ट 'चर्च'मध्ये गेला नाही. ही गोष्ट भाषणातून वगळू नका. एखाद्या मुलाचा त्यावर प्रश्न आला तर वीस मिनिटं सार्थकी लागली समजा.

जॉननं लिहिलेल्या मृत्युलेखात एक वाक्य आहे. यब्बोक नदीच्या उतारावर रात्रभर झुंजणाऱ्या, बायबलमधल्या याकोबावरची चार्ल्सची कविता, 'कम, ओ दाऊ ट्रॅव्हलर अननोन', माझ्या सगळ्या पद्याच्या तोडीची आहे, असं खुद्द आयझॅक वॉट्स म्हणाला होता. वॉट्स म्हणजे त्या काळचा गीतकारांतला वडीलधारा. चार्ल्स गेल्यावर काही आठवड्यांनी जॉन, वय चौऱ्याऐंशी, बोल्टनच्या उपासनेत हेच गीत द्यायला उभा राहिला. पहिल्याच कडव्यात ओळ आहे, माझी सोबत पुढे गेली आणि मी तुझ्याजवळ एकटा उरलो. तिथं त्याचा आवाज फुटला. तो खाली बसला, चेहरा हातांत घेतला, आणि गाणं थांबलं. ओळी कापणारा, कडवी गाळणारा तोच भाऊ. या ओळीत मात्र दुरुस्तीला जागा नव्हती.

तुमच्या वीस मिनिटांसाठी मी असं करीन: फ्रेडरिकाहून परत आलेला तरुण, ब्रेच्या घरचा 'माझ्यासाठी', टायबर्नची गाडी, मग एक ओळ उघडून दाखवायची आणि शेवट गाण्यानं. वेळ कमी पडला तर 'हार्क!'ची गोष्ट नाताळसाठी ठेवा. गाणार 'अँड कॅन इट बी' असाल तर आजची चाल टॉमस कॅम्बेल याची १८२५ ची आहे, वेस्लीनं ती ऐकलेली नाही. ती पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत) छापलेली असते. आपल्या पुरुषमंडळींचा गळा शेवटच्या ओळीवर तिथं गप्प होतो. पांढरी चार घ्या, आणि सकाळची उपासना असेल तर सरळ काळी दोन.